तीन डॉक्टर, तीन सल्ले: आईच्या खालच्या दाढांसाठी इम्प्लांट करायचा का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आईचं वय ५८, गाव खानापूरकडं. खालच्या डाव्या बाजूच्या दोन मोठ्या दाढा दोन वर्षांपूर्वी किडल्या म्हणून काढल्या, त्यांच्या मागची अक्कलदाढ आहे पण ती पुढं कललीय. शुगरच्या गोळ्या चालू आहेत आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री लावायची सवय आहे. खानापुरात एका डॉक्टरांनी ब्रिज सांगितला, बेळगावात दुसऱ्यांनी दोन इम्प्लांट सांगितले, सत्तर हजार, आणि पुण्यात भावाकडं गेलात तेव्हा तिसरे म्हणाले तीन दिवसांत पक्के दात देतो. आता कुणाचं ऐकायचं आणि इम्प्लांट टिकतो किती वर्षं, हे तुम्ही विचारलंय.

मी बेळगावात बावीस वर्षं दातांचंच काम करतोय, त्यातली पंधरा-सोळा वर्षं इम्प्लांट बसवतोय. तोंड न बघता शेवटचा निर्णय मी देऊ शकत नाही, एक्सरे नाही, रिपोर्ट नाही, त्यामुळे जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते तसंच सांगेन. पण एवढं नक्की वाटतं की तिघांनी रिकामी जागा बघितली आणि त्या जागेत काय बसवायचं ते सांगितलं. खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. आईचं तोंड आज इम्प्लांट घ्यायला तयार आहे का? तुम्ही लिहिलंय त्यावरून मला वाटतं, आज नाही. तीन-चार महिन्यांनी बहुतेक होईल. आणि तेव्हासुद्धा दोन नाही, एकच इम्प्लांट पुरेल असा माझा अंदाज आहे.

आधी ब्रिजचं बोलू, कारण तो सगळ्यांना सोपा वाटतो. ब्रिज म्हणजे मधल्या रिकाम्या जागेच्या पुढचा आणि मागचा दात चारी बाजूंनी घासून बारीक करायचा आणि त्या दोघांच्या आधारावर मधले दात टांगायचे. आईच्या बाबतीत पुढचा आधार म्हणजे छोटी दाढ आणि मागचा आधार म्हणजे कललेली अक्कलदाढ. दोन मोठ्या दाढांचा भार, जिथं माणूस सगळ्यात जोरात चावतो तिथला भार, या दोघांवर येणार. अक्कलदाढेची मुळं बऱ्याचदा आखूड आणि एकमेकाला चिकटलेली असतात, त्यात ती पुढं झुकलेली, म्हणजे चावताना ताकद सरळ खाली न जाता तिला अजून पुढं ढकलणार. असे ब्रिज मी काढलेत. चार-पाच वर्षांनी माणूस येतो, म्हणतो वास मारतोय, आणि ब्रिज उघडला की आतली छोटी दाढ हिरडीपर्यंत किडून काळी झालेली असते. म्हणजे दोन दातांची जागा भरायला गेलो आणि तिसरा, चौथा पण घालवला. ब्रिज वाईट नाही हं. एकच दात गेलाय, दोन्हीकडचे दात मजबूत आहेत किंवा त्यांना आधीच कॅप आहे, तर मी अजूनही आनंदाने ब्रिज करतो. पण तुमच्या आईच्या जागेत नाही करणार.

आता इम्प्लांट. हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, साधारण चार मिलिमीटर जाड आणि दहा मिलिमीटर लांब, म्हणजे शेंगदाण्यापेक्षा बारीकच. त्याच्यावर एक जोड बसतो आणि त्या जोडावर कॅप. स्वीडनचे ब्रॉनेमार्क नावाचे डॉक्टर १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडात टायटॅनियमची छोटी नळी ठेवून रक्ताभिसरण बघत होते, काम झाल्यावर ती काढायला गेले तर निघेना, हाडाने तिला पकडून ठेवलं होतं. त्यातनं हे सगळं शास्त्र उभं राहिलं. १९६५ ला गोस्टा लार्सन नावाच्या पेशंटला त्यांनी पहिले इम्प्लांट बसवले आणि २००६ ला तो माणूस वारला तोवर ते त्याच्या तोंडात कामच करत होते, चाळीस वर्षांच्या वर. तर टिकतो किती, या प्रश्नाचं एक उत्तर हे. रोजच्या व्यवहारातलं उत्तर असं की नीट निवडलेल्या पेशंटमध्ये दहा वर्षांनी शंभरातले नव्वदच्या वर इम्प्लांट जागेवर असतात. पण "नीट निवडलेल्या" या दोन शब्दांतच तुमच्या आईची शुगर आणि मिश्री येते, म्हणून आता तिकडंच वळतो.

हाडाने स्क्रूला पकडणं ही जखम भरण्याचीच गोष्ट आहे. फेविकॉल लावून चिकटवलं असं काही नसतं. आपण हाडात भोक पाडतो, तिथं रक्त साचतं, त्यातनं नवीन हाड तयार होऊन स्क्रूच्या आट्यांमध्ये शिरतं. खालच्या जबड्यात याला तीनेक महिने लागतात, वरच्या जबड्याचं हाड भुसभुशीत म्हणून तिथं चार ते सहा. शुगर वाढलेली असली की रक्त नीट पोचत नाही, जंतू लवकर वाढतात, आणि हे हाड भरण्याचं काम अर्धवट राहतं. यासाठी सकाळची उपाशीपोटीची शुगर मला उपयोगाची नाही, कारण डॉक्टरकडं जायचं म्हणून आदल्या दोन दिवस सगळेच जपून खातात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी करून घ्या. सातच्या आत असेल तर मी निर्धास्त काम करतो, सात ते आठमध्ये असेल तर फिजिशियनशी बोलून, जपून करतो, आठच्या वर असेल तर थांबतो.

थांबतो म्हणतोय ते अनुभवाने म्हणतोय. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले होते, मुलीचं लग्न चार महिन्यांवर, फोटोत दात दिसायला पाहिजेत म्हणून घाई. रिपोर्ट नऊच्या वर होता. मी नाही म्हणायला पाहिजे होतं, म्हटलं नाही. खालच्या बाजूला इम्प्लांट बसवला, टाके भरले, सगळं छान दिसत होतं. दहाव्या आठवड्यात इम्प्लांटच्या तोंडावर बसवलेली छोटी टोपी सोडवायला स्क्रूड्रायव्हर लावला आणि टोपीच्या ऐवजी अख्खा इम्प्लांटच फिरला. त्यांना दुखलंसुद्धा नाही. बोटाच्या चिमटीत घेऊन बाहेर आला आणि त्याच्या आट्यांना हाडाचा कण नव्हता, नुसता लालसर मऊ पडदा होता. पैसे मी परत दिले, पण त्या जागेचं हाड काही परत देता आलं नाही. तेव्हापासून लग्न असो, मुंज असो, परदेशी जायचं असो, आकडा बघितल्याशिवाय मी ड्रिल हातात घेत नाही.

मिश्रीचं तर आपल्या भागात सांगायलाच नको. निपाणी-चिकोडीचा तंबाखूचा पट्टा आपल्या शेजारी, घराघरात तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करायची रीत, आणि बायकांना ती तंबाखू वाटतच नाही, दात घासायची पावडर वाटते. मी विचारतो, मावशी तंबाखू खाता का? नाही ओ डॉक्टर, कवाच नाही. मग उजव्या हाताचं पहिलं बोट बघतो, तर नखाच्या कडेला तपकिरी डाग असतो. मग हळूच सांगतात, तेवढी मिश्री लावते की, त्याशिवाय पोट साफ होत नाही. आईला रागावू नका, पण हे समजून घ्या की त्यातलं निकोटिन हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आखडून टाकतं. जिथं जखम भरायला रक्त पाहिजे तिथंच रक्त कमी. निदान दोन आठवडे आधी आणि दोन महिने नंतर पूर्ण बंद, ही माझी कमीत कमी अट आहे, आणि खरं सांगायचं तर कायमचीच बंद व्हायला पाहिजे, कारण इम्प्लांटच्या भोवतीचं हाड पुढं दहा वर्षं टिकवायचंय.

सोडताना एक गोष्ट होते, ती आईला आधीच सांगून ठेवा. मिश्री बंद केली आणि ब्रश सुरू केला की पहिल्या काही आठवड्यांत हिरडीतनं रक्त यायला लागतं, दात शिवशिवतात. बाया घाबरतात, म्हणतात मिश्री होती तेव्हा बरं होतं, आणि परत सुरू करतात. खरं म्हणजे हिरडी आधीपासूनच सुजलेली असते, निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आखडल्या म्हणून रक्त दिसत नव्हतं एवढंच. क्लिनिंग करून घेतलं आणि मऊ ब्रशने नेमाने घासलं की ते थांबतं. आमच्याकडं येणाऱ्या एका आज्जींनी आधी दिवसातनं चार वेळची मिश्री दोनवर आणली, मग दुपारची सोडली, सकाळची सोडायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला, सगळं मिळून पाच महिने. मी पाच महिने थांबलो. त्यांचा इम्प्लांट आज आठ वर्षं झाली, व्यवस्थित आहे. आणि हो, मिश्री जिथं दाबून लावतात त्या जागी गालात-हिरडीत पांढरा चट्टा आहे का, तोंड पूर्ण उघडतंय का, हे डॉक्टरांना मुद्दाम बघायला सांगा. ते इम्प्लांटपेक्षा महत्त्वाचं आहे.

तिसरं म्हणजे बाकीच्या दातांच्या हिरड्या. दोन दाढा किडून गेल्या म्हणजे तोंडाची सफाई कमी पडतेय हे उघड आहे. पायरिया असलेल्या तोंडात इम्प्लांट बसवला की तेच जंतू शेजारून इम्प्लांटच्या भोवती येतात. नैसर्गिक दाताभोवती हाड आणि मूळ यांच्यामध्ये धाग्यांचा एक पडदा असतो, तो झटका पण झेलतो आणि जंतूंना काही प्रमाणात अडवतो. इम्प्लांटला तो नसतो, म्हणून तिथं संसर्ग झाला की हाड भराभर खाली जातं, आणि दुखत नसल्यामुळे उशिरा कळतं. म्हणून आधी पूर्ण तोंडाचं क्लिनिंग, दात आणि हिरडी यांच्यातले खळगे मोजून घेणं, आणि मग बाकीचं.

५८ वर्षांच्या बाईला मी अजून एक विचारतोच, हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्यातनं एकदा घ्यायची गोळी किंवा वर्षातनं एकदा, सहा महिन्यांतनं एकदा घ्यायचं इंजेक्शन चालू आहे का? ही औषधं चालू असताना जबड्याचं हाड कधीकधी भरून येत नाही. गुडघ्याच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी दातांच्या डॉक्टरला कशाला सांगायची असं लोकांना वाटतं. सांगा. सगळी औषधं पिशवीत घालून न्या, रिकामी पाकिटं पण चालतील. रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आता हे सगळं जमलं असं धरू. मग दोन का एक? दाढ काढल्यावर पहिल्या वर्षात हाड बरंच बसतं, विशेषतः रुंदीने. दोन वर्षं झालीत म्हणजे डाव्या बाजूचा तो कठडा आता निमुळता झालेला असणार. खाली जबड्यातनं ओठाला संवेदना देणारी नस जाते, तिच्यापासून दोन मिलिमीटर तरी अंतर ठेवावं लागतं, नाहीतर ओठ-हनुवटी बधिर राहू शकते. हे साध्या एक्सरेवर कळत नाही, त्यात लांबी दिसते पण जाडी दिसत नाही. त्यासाठी सीबीसीटी म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन लागतो. त्याच्याशिवाय तुमच्या आईच्या जागेत कुणी भोक पाडायला निघालं तर थांबवा. दुसरी गोष्ट, खाली दात नसले की वरचे दात हळूहळू खाली सरकतात. आरशासमोर आईला दात मिटायला सांगा आणि गाल बाजूला ओढून बघा, वरची दाढ खालच्या हिरडीच्या किती जवळ आलीय. कॅप बसायला उंचीच उरली नसेल तर आधी वरच्या दाताचं काहीतरी करावं लागतं आणि खर्चाचं गणित बदलतं.

मी बहुतेक वेळा अशा पेशंटला पहिल्या मोठ्या दाढेच्या जागी एकच इम्प्लांट सुचवतो. चावायचं मुख्य काम तीच दाढ करते. त्याच्या मागची जागा रिकामी राहिली, अक्कलदाढ त्रास देत नसेल तर ती तशीच राहिली, तरी रोजचं जेवण नीट होतं. वरची मागची दाढ खाली उतरतेय असं दिसलं तर दुसऱ्याचा विचार करायला लागतो, म्हणून बघूनच ठरवायचं. पण खर्च जवळजवळ निम्मा, सफाई सोपी, आणि पुढं वाटलंच तर दुसरा बसवता येतो. दोन सांगणारे डॉक्टर चुकले असं मी म्हणणार नाही, त्यांनी कदाचित जागा बघून सांगितलं असेल. तुम्ही फक्त विचारा, एकच केला तर काय होईल? चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

तीन दिवसांच्या दातांबद्दल. ते खोटं नाही. ज्यांचे सगळे दात गेलेत त्यांच्यात चार-सहा इम्प्लांट एकमेकांना घट्ट जोडून लगेच दात लावता येतात, काही इम्प्लांट तर हाडाच्या खालच्या टणक थरात अडकवायचे वेगळ्या प्रकारचे असतात. पण ताज्या इम्प्लांटला दीडशे मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे एक-दोन केसांच्या जाडीएवढी जरी हालचाल झाली तरी हाडाऐवजी मऊ पडदा तयार होतो, तोच जो मी त्या गृहस्थांच्या इम्प्लांटवर बघितला. मागच्या एकट्या दाढेवर, शुगर असलेल्या बाईच्या तोंडात, तिसऱ्या दिवशी कॅप लावून कडक भाकरी चावायला दिली तर काय होईल ते तुम्हीच बघा. आईसाठी मी तो मार्ग घेणार नाही.

प्रत्यक्ष दिवसाची भीती मात्र घालवा. फक्त ती जागा बधिर करून काम होतं, उपाशी जायचं नाही, नाश्ता करून शुगरची गोळी घेऊन जायचं. एका इम्प्लांटला पाऊण-एक तास. ड्रिल हळू फिरवतात आणि सतत थंड सलाईन सोडतात, कारण हाड ४७ अंशांच्या वर मिनिटभर तापलं तर तिथलं हाड मरतं. मी एकाच ड्रिलने मोठं भोक कधीच पाडत नाही, दोन मिलिमीटरपासून सुरू करून एकेक साईज वाढवत जातो, मध्येमध्ये ड्रिल बाहेर काढून त्याच्या खाचांत अडकलेला हाडाचा पांढरट चुरा बघतो. पांढरट-लालसर ओला चुरा असला की बरं वाटतं, तपकिरी कोरडा असला की हाड तापतंय, थांबायचं. बहुतेक लोक नंतर म्हणतात, दाढ काढताना यापेक्षा जास्त त्रास झाला होता. दोन-तीन दिवस सूज, आठ-दहा दिवसांनी टाके काढायचे, तोवर मऊ भात, आमटी, आंबील, आणि चावायचं ते उजवीकडं.

पैशाचं आणि कागदाचं एकत्रच सांगतो. आपल्याकडं कॅपसकट एका दाताला साधारण पंचवीस ते चाळीस हजार होतात, कंपनीवर आणि कॅपच्या मटेरियलवर अवलंबून. हाड कमी असून भर घालावी लागली तर ते वेगळं. परवडत नसेल तर बेळगावात के.एल.ई.चं आणि मराठा मंडळाचं अशी दोन डेंटल कॉलेजं आहेत, तिथं विचारून बघा, कमी खर्चात होतं, फक्त खेपा जास्त घालाव्या लागतात. आणि कुठंही करा, इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, साईज आणि लॉट नंबरचा स्टिकर असतो तो तुमच्या फाईलला किंवा कार्डाला लावून मागा. आपल्या भागात मुलगा पुण्यात, मुलगी गोव्यात, त्यामुळे लोक तिकडं जाऊन दात करून येतात आणि तीन वर्षांनी कॅप हलायला लागली की आमच्याकडं येतात. आतला स्क्रू सैल झालेला असतो, पाच मिनिटांचं काम, पण प्रत्येक कंपनीचा स्क्रूड्रायव्हर वेगळा, आणि पेशंटला कंपनीचं नाव माहीत नसतं. मग एक्सरेवरच्या आकारावरून अंदाज लावत बसायला लागतं. शक्य असेल तर कॅप सिमेंटने न चिकटवता स्क्रूने बसवता येते का तेही विचारा, पुढं काढून साफ करता येते आणि हिरडीखाली सिमेंट अडकून राहायची भीती नसते. सहीचा फॉर्म बऱ्याचदा इंग्रजीत असतो, आईला मराठीत एकेक ओळ समजावून मगच सही करू दे.

हे सगळं लांबणीवर टाकायचं असेल, किंवा आईच म्हणाली मला काही त्रास नाही, उजवीकडनं नीट खाते, तर काढायची-घालायची छोटी कवळी किंवा काहीच न करणं हेही चालणारे पर्याय आहेत. कुणी विचारत नाही म्हणून सांगतो, आईलाच विचारा तिला काय खाता येत नाही.

तर या आठवड्यात एवढंच करा. एचबीएवनसी करून घ्या, क्लिनिंगची वेळ घ्या आणि त्याच दिवशी गालाच्या आतला भाग तपासून घ्या. स्कॅनचे पैसे आत्ता घालवू नका, शुगर आणि मिश्री आटोक्यात आल्यावर काढा. रिपोर्टचा आकडा आला की तो, आणि आईने मिश्री कितीवर आणली ते मला कळवा, मग एक का दोन ते स्कॅन बघून बोलू.